रेषाजालाची नीती

१

पृष्ठरचनेचा विचार मराठी समीक्षेने क्वचितच केला आहे. संहिता ही अर्थाची बाब आणि पान ही मुद्रकाची बाब, अशी एक सोयीची वाटणी रूढ होऊन बसली आहे. मात्र कोणत्या मजकुराला किती रुंदी मिळावी, कोणते शीर्षक किती वर यावे आणि कोणाला समासात ढकलले जावे, हे निर्णय कोणीतरी कोणासाठी तरी घेत असते. जेथे एकाने दुसऱ्याची जागा ठरवायची असते, तेथे नीतीचा प्रश्न उपस्थित होतोच. ग्राफिक डिझाइनच्या शिक्षणात ज्याला ‘ग्रिड’ म्हणतात आणि येथे ज्याला ‘रेषाजाल’ म्हटले आहे, त्या संकल्पनेचा या अंगाने विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. हा विचार नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांच्या संदर्भात करण्यास कारण आहे. या भूभागात रेषाजाल कागदापुरते राहिले नाही. १९९३च्या भूकंपानंतर ते जमिनीवर आखले गेले आणि माणसांना त्यात राहावे लागले.

प्रथम संकल्पना स्पष्ट करून घेणे इष्ट ठरेल. रेषाजाल म्हणजे पानावर प्रत्यक्ष न छापल्या जाणाऱ्या रेषांची योजना. चार बाजूंचे समास, त्यांच्या आतील क्षेत्राचे उभे रकाने, दोन रकान्यांमधील ठरावीक मोकळी पट्टी, ओळींमधील समान अंतर आणि आडव्या विभागणीतून निर्माण होणारी सारख्या मापाची घरे, एवढे तिचे घटक असतात. चित्राची उंची मनाला येईल तेवढी ठेवता येत नाही. ती पूर्ण घरांच्या पटीत ठेवावी लागते. चित्राची वरची कड शेजारच्या रकान्यातील एखाद्या ओळीच्या माथ्याशी आणि खालची कड दुसऱ्या एखाद्या ओळीच्या तळाशी जुळावी लागते. शिकणाऱ्याला सुरुवातीला हा जाच वाटतो, पण काही काळाने एकेका पानासाठी नव्याने डोके शिणवण्याचे श्रम वाचल्याचे त्याच्या ध्यानात येते.

या योजनेतील गणिती सौंदर्य समजून घेण्यास एक उदाहरण पुरेसे आहे. कार्ल गेर्स्टनर या स्विस संकल्पकाने १९६०च्या दशकाच्या आरंभी ‘कापिटाल’ या जर्मन नियतकालिकासाठी पानाच्या क्षेत्राचे ५८ एकक कल्पिले. रकान्यांमधील पट्टी दोन एककांची धरली, तर या ५८ एककांत २८चे दोन, १८चे तीन, १३चे चार, १०चे पाच किंवा ८चे सहा रकाने नेमके बसतात. एकही एकक उरत नाही. एकाच अंकात एखादा दीर्घ लेख दोन रकान्यांत आणि बाजारभावाचा तक्ता सहा रकान्यांत छापला, तरी दोन्ही पाने एकाच कुळातील वाटतात. येथे बंधनातून विविधता निर्माण होते.

योझेफ म्यूलर-ब्रोकमान यांचा या विषयावरील ग्रंथ १९८१ साली प्रसिद्ध झाला आणि तो जगभर पाठ्यग्रंथ म्हणून वापरला गेला. त्यांनी रेषाजालाकडे निव्वळ तंत्र म्हणून पाहिले नाही. संकल्पकाने आपल्या लहरीला आवर घालावा, त्याच्या कामाची कारणे तपासता यावीत आणि वाचकाशी त्याने वस्तुनिष्ठपणे वागावे, या व्यावसायिक नीतीचा आविष्कार त्यांना त्यात दिसत होता. याच्या उलट साक्ष यान चिहोल्ड यांची आहे. १९२८ साली नव्या अक्षरमुद्रणकलेचा जाहीरनामाच ठरलेले पुस्तक त्यांनी लिहिले. १९३३ साली नाझी राजवटीने त्यांना अटक केली आणि पुढे ते स्वित्झर्लंडला गेले. त्याच चिहोल्ड यांनी १९४६ साली माक्स बिल यांच्याशी झालेल्या वादात आपल्या तरुणपणीच्या सिद्धांताची झाडाझडती घेतली. ज्या सर्वंकष शिस्तीच्या हव्यासाने युरोपचा घात केला, त्या हव्यासाचा अंश आपल्याही नियमांच्या असहिष्णुतेत होता, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. एकाच साधनाविषयी त्याच्या दोन जाणकारांनी इतक्या परस्परविरोधी नैतिक साक्षी द्याव्यात, ही बाब विचार करण्यासारखी आहे. दोघांपैकी एकाला चूक ठरवून हा प्रश्न सुटत नाही.

२

रेषाजाल ही पाश्चात्त्य कल्पना असून ती मराठीवर लादली गेली, असा एक सोपा आक्षेप येथे घेता येईल. इतिहास त्याला पुष्टी देत नाही. हस्तलिखित पोथीच्या कागदावर मजकुरापूर्वीच ओळींच्या खुणा उमटवून घेण्याची आणि दोन्ही बाजूंना तांबड्या समासरेषा ओढण्याची पद्धत जुनी आहे. मोडीचे उदाहरण तर अधिकच बोलके आहे. मोडी लिहिणारा कारकून आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शिरोरेषा ओढतो आणि मग तिला अक्षरे टांगत जातो. शब्दाशब्दांत जागाही सोडत नाही. मजकूर येण्याआधी रेषा येते. रेषाजालाची मूळ कल्पना याहून फारशी वेगळी नाही. ६ जानेवारी १८३२ रोजी निघालेल्या ‘दर्पण’च्या पानावर इंग्रजी व मराठी मजकूर शेजारशेजारच्या रकान्यांत छापलेला असे. राज्यकर्त्यांची भाषा आणि प्रजेची भाषा यांना समान मापाची जागा देणारी ती मांडणी होती. प्रत्यक्ष सत्तासंबंधांत नसलेली समता पानाने दाखवली, ही गोष्ट क्षुल्लक नाही.

तेव्हा प्रश्न रेषाजाल असावे की नसावे हा नाही. ते कोणत्या सामग्रीतून उगवले आहे, हा खरा प्रश्न आहे. रोमन अक्षर तळच्या रेषेवर उभे असते. त्यामुळे रोमन मुद्रणातील रेषाजालाची मूळ रेषा तळरेषा हीच राहते. देवनागरी अक्षर शिरोरेषेला लटकते. शिरोरेषेच्या वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि अनुस्वार, तर खाली उकार, ऋकार आणि जोडाक्षरांची उतरंड असा तिचा तीन मजली संसार असतो. खिळ्यांच्या काळात ‘डिग्री’ पद्धतीने जुळणी करणाऱ्या जुळाऱ्याला हे शिकवावे लागत नसे. त्याच्या हाताखाली मधल्या अक्षराचा खिळा वेगळा, वरच्या चिन्हाचा वेगळा आणि खालच्या चिन्हाचा वेगळा असे. छापून आलेली एक ओळ प्रत्यक्षात त्याने तीन थरांत जुळवलेली असे. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्यातील ग्रंथांची पाने आजही डोळ्यांना निवांत वाटतात, त्यामागे या तीन थरांचे भान आहे. बापूराव नाईक यांनी १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘टायपोग्राफी ऑफ देवनागरी’ या त्रिखंडात्मक ग्रंथात या सामग्रीचा पद्धतशीर अभ्यास केला. र. कृ. जोशी यांच्यासारख्या कवी-सुलेखनकाराने मुंबईच्या आय.आय.टी.त अध्यापन करताना अक्षराच्या अंगभूत रचनेतून मांडणीकडे जाण्याची दृष्टी अनेक विद्यार्थ्यांना दिली.

संगणकाने जुळारी नाहीसा केला आणि त्याच्याबरोबर हे भानही बऱ्याच अंशी गेले. नांदेडच्या किंवा लातूरच्या बाजारपेठेतील एखाद्या छपाईच्या दुकानात बसून लग्नपत्रिका आणि अभिनंदनाचे फलक करणारा तरुण जी प्रणाली वापरतो, ती प्रणाली नवे पान उघडताच त्याला रकान्यांची संख्या आणि समासाचे माप विचारते. मजकूर अद्याप कोणी वाचलेला नसतो. प्रणालीने आधीच भरून ठेवलेले आकडे रोमन मजकुराच्या अनुभवातून आलेले असतात. ओळींमधील जे अंतर इंग्रजीला ऐसपैस वाटते, त्यात मराठीच्या खालच्या ओळीची वेलांटी वरच्या ओळीच्या उकाराला भिडते. तरुण मग अक्षरांचा आकार कमी करतो. दोष जालाचा असतो आणि आक्रसावे लागते ते अक्षराला. ही घटना लहान असली तरी तिच्यात पुढील विवेचनाचे बीज आहे.

नांदेडच्या संदर्भात हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. सचखंड हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यामुळे तेथे गुरुमुखी आहे. १९४८पर्यंतच्या निजामी कारभाराचा आणि मोठ्या मुस्लिम वस्तीचा वारसा म्हणून उर्दू आहे. सीमेपलीकडून तेलुगूची ये-जा आहे, आणि देवनागरी व रोमन तर आहेतच. तीन-चार लिप्यांतील एखादी निमंत्रणपत्रिका जुळवणे हा रेषाजालाच्या विद्यार्थ्याला मिळू शकणारा सर्वांत अवघड पाठ होय. देवनागरी आणि गुरुमुखी वरच्या रेषेला धरून चालतात. तेलुगूच्या गोलाईला अशी सलग रेषा नाही. उर्दूचा नस्तालिक तर उजवीकडून सुरू होतो आणि त्यातील प्रत्येक शब्द वरून खाली तिरका उतरत रेषेला येऊन मिळतो. १९८१ साली नूरी नस्तालिक यंत्रावर येईपर्यंत उर्दू वृत्तपत्रे मुख्यतः कातिबाच्या हातानेच लिहिली जात, यामागचे कारण हेच होते. या सर्वांना एका तळरेषेवर आणून बसवणे म्हणजे समता, असे समजणारा विद्यार्थी तीन लिप्यांना चौथीच्या मापाने मोजत असतो. प्रत्येकीला तिच्या चालीपुरती जागा देऊन त्या जागांमध्ये प्रमाण राखणारा विद्यार्थी अधिक कठीण, पण अधिक न्याय्य असे रेषाजाल शोधत असतो. समान माप आणि समान मान या दोन गोष्टी येथे एकमेकींपासून अलग होताना दिसतात.

३

साहित्याच्या अभ्यासकाला हा ताण अपरिचित नाही. शार्दूलविक्रीडित वृत्तात एकोणीस अक्षरे, म-स-ज-स-त-त-ग हा गणक्रम आणि बाराव्या अक्षरावर यती असा काटेकोर आराखडा असतो. कोणते अक्षर लघू आणि कोणते गुरू, हे कवीच्या मनात आशय येण्यापूर्वीच ठरलेले असते. ओवीचे तसे नाही. ग्रंथिक ओवीत पहिल्या तीन चरणांना यमक जोडते आणि चौथा आखूड चरण मोकळा राहतो. चरणातील अक्षरसंख्या विचाराच्या गरजेनुसार लांबते वा आखडते. वृत्त हे बंदिस्त जाल आणि ओवी हे सैल जाल असे म्हणता येईल. मात्र यावरून सैल ते श्रेष्ठ असा निष्कर्ष काढता येत नाही. गणवृत्तात भाषेची मोडतोड करणारे पद्यकार विपुल झाले, तसे ओवीच्या सैलपणात पसरट झालेलेही विपुल झाले.

मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) मध्ये संवाद, विरोध आणि समतोल ही लयतत्त्वे मांडली. त्यांचा सौंदर्यविचार रेषाजालाच्या चर्चेला जवळचा आहे. पानावरील चित्र आणि मजकूर, भरलेली जागा आणि मोकळी जागा यांच्यातील संबंध या तीन तत्त्वांच्या भाषेत सहज मांडता येतात. परंतु मर्ढेकरांची लय ही कलाकृतीच्या अंतर्गत घटकांतील संबंधांची व्यवस्था आहे. ती कोणासाठी आहे, हा प्रश्न त्या व्यवस्थेच्या आत विचारता येत नाही. छापील पानाला आणि वसलेल्या गावाला हा प्रश्न टाळता येत नाही, कारण त्यांच्या घटकांमध्ये वाचणारा आणि राहणारा माणूस असतो. रेषाजालाची केवळ सौंदर्यमीमांसा येथे अपुरी पडते आणि नीतिविचाराकडे वळावे लागते.

४

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव, जिल्ह्यांत भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून गावे उशिरा झोपली होती. शासकीय गणनेनुसार ७,९२८ माणसे मृत्युमुखी पडली. औसा तालुक्यातील किल्लारीचे नाव जगाला माहीत झाले ते असे.

पुनर्वसनाचा जो कार्यक्रम जागतिक बँकेच्या साहाय्याने राबवला गेला, त्यात ५२ गावे नव्या जागी हलवण्यात आली. घराचे क्षेत्र जमीनधारणेवरून ठरले: भूमिहीन व एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यांना २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४०० आणि त्याहून अधिक जमीन असणाऱ्यांना ७५० चौरस फूट. नवी गावे बहुतांशी काटकोनात छेदणाऱ्या सरळ, रुंद रस्त्यांवर बसवण्यात आली, आणि बऱ्याच ठिकाणी एका आकाराची घरे एका ओळीत किंवा एका गटात आली. जुन्या गावाने व्यापलेल्या जागेच्या कित्येक पट जागा नव्या गावाने व्यापली. नकाशावर पाहिल्यास ही गावे म्यूलर-ब्रोकमान यांच्या पुस्तकातील पानांसारखी दिसतात: सारखी घरे, सारख्या पट्ट्या आणि नियमित अंतरे.

या आखणीवर झालेली टीका परिचित आहे. माळवदाच्या घराला अंगण होते आणि अंगणाला भिंत होती; नव्या घराचे दार थेट रस्त्यावर उघडले आणि बायकांच्या कामाला आडोसा राहिला नाही. गुरांना गोठा नव्हता. कडब्याच्या गंजीला जागा नव्हती. गल्लीच्या वळणावर सावलीत बसणारी म्हातारी माणसे रुंद रस्त्याच्या उन्हात बसू शकत नव्हती. भाऊबंद एकमेकांपासून दूर गेले, कारण वाटणीनंतर एकाच घरातल्या दोघांचे क्षेत्र निराळे भरत होते. काही वर्षांतच लोकांनी पडव्या काढल्या, कुंपणाच्या भिंती घातल्या, पत्र्याची छपरे जोडली आणि सरळ रेषा जागोजाग वाकवल्या.

ही टीका खरी आहे, तरी तिच्यातून निघणारा नेहमीचा निष्कर्ष तपासून घेणे आवश्यक आहे. जुने गाव हे सेंद्रिय, आपोआप वाढलेले, माणुसकीचे. आणि नवे गाव हे यांत्रिक, परके, निर्दय, असा तो निष्कर्ष असतो. देशी परंपरेच्या अभिमानाला तो सुखावणाराही आहे. त्याला छेद देणाऱ्या दोन गोष्टी आहेत.

पहिली गोष्ट बांधकामाची. मराठवाड्यातील जुन्या घराचे माप ‘खण’ या एककात सांगितले जाते. खण म्हणजे दोन लाकडी खांबांमधील अंतराने ठरणारा घराचा भाग. आठ खणांचे, दहा खणांचे माळवद असे लोक म्हणत आले आहेत. हे रेषाजालच आहे, आणि ते अस्सल देशी आहे. भूकंपात अनेक ठिकाणी हा लाकडी सांगाडा उभा राहिला. कोसळल्या त्या मातीत रचलेल्या रुंद दगडी भिंती. त्यांच्या आतल्या व बाहेरच्या पदरांना बांधून ठेवणारा आरपार दगड नव्हता आणि सांगाड्याशीही त्यांचा सांधा नव्हता. माथ्यावर मातीच्या जाड थराचे ओझे होते. म्हणजे ज्या घराला आपण जालविरहित, सहज समजतो, त्याला वाचवणारा भाग त्यातील जालाचाच होता.

५

दुसरी गोष्ट अधिक अस्वस्थ करणारी आहे. जुन्या गावाच्या वाकड्या गल्ल्या अनियोजित होत्या हे खरे नव्हे. पाटलाचा वाडा वा गढी उंचवट्यावर, त्याखाली आळ्या, वेशीच्या आत कोण आणि वेशीच्या बाहेर कोण, महारवाडा आणि मांगवाडा कोणत्या दिशेला, पाण्यावर आधी कोण आणि नंतर कोण, हे सर्व ठरलेले होते. जातीचे हे रेषाजाल कोणत्याही नकाशावर काढलेले नव्हते आणि म्हणूनच ते पुसता येत नव्हते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत राज्यघटनेचा मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्याच्या गौरवीकरणावर जो कठोर प्रहार केला, त्याचा रोख या अलिखित आराखड्यावरच होता. गावाच्या सेंद्रियतेचे गोडवे गाणाऱ्याने, ही सेंद्रियता वेशीबाहेरून कशी दिसत होती, हे विचारले पाहिजे.

या पार्श्वभूमीवर पुनर्वसित गावातील क्रमांक घातलेल्या भूखंडाला वेगळा अर्थ प्राप्त होतो. क्रमांकाला जात नसते. जो रस्ता सर्वांसाठी सारख्या रुंदीचा आहे, त्यावर कोणाच्या सावलीचा विटाळ मोजण्याची सोय नसते. सरळ रेषेत मुक्तीची एक शक्यता होती. ती पूर्णपणे प्रत्यक्षात का आली नाही, याचे उत्तरही रेषाजालातच आहे. २५०, ४०० आणि ७५० या तीन आकड्यांनी जुन्या गावातील जमिनीची विषमता नव्या गावात जशीच्या तशी उतरवून घेतली. आणि मराठवाड्यात भूमिहीन कोण होते, हे सांगण्याची गरज नाही. जातीचा आराखडा जमिनीच्या आराखड्यात रूपांतरित होऊन परत आला.

तरीही दोन आराखड्यांत एक महत्त्वाचा भेद राहतो. ७५० आणि २५० हे आकडे शासकीय कागदावर लिहिलेले आहेत. ते वाचता येतात, त्यांचे कारण विचारता येते, त्यांच्याविरुद्ध अर्ज करता येतो, आणि आज तीस वर्षांनंतरही त्यांच्यावर लेख लिहिता येतो. वेशीबाहेरची जागा ठरवणारा आकडा कोठेच लिहिलेला नव्हता. तो निसर्गनियमासारखा वावरत होता. दृश्य अन्याय हा अदृश्य अन्यायाहून कमी अन्याय ठरत नाही. परंतु त्याला उत्तर मागता येते.

यावरून रेषाजालाच्या नीतीचे दोन निकष हाती येतात. एक, जाल दिसते काय, म्हणजे ते माणसाने आखलेले आहे हे कबूल केलेले आहे काय? दोन, ज्याला त्यात बसायचे आहे त्याला ते बदलण्याचा काही अधिकार आहे काय? जातीचे जाल दोन्ही निकषांवर नापास होते. पुनर्वसनाचे जाल पहिल्यावर उतरते आणि दुसऱ्यावर अंशतःच. ग्रामसभांशी सल्लामसलतीची तरतूद कार्यक्रमात होती, पण घराचा नमुना आणि माप आधी ठरलेले होते. त्याच कार्यक्रमातील दुसरा भाग या दृष्टीने तुलनेस योग्य आहे. ज्यांची घरे पूर्ण पडली नव्हती अशा जवळपास दोन लाख घरांच्या दुरुस्ती-बळकटीकरणात घरमालकाने स्वतः काम करून घ्यायचे होते. गावोगावच्या स्त्रियांनी संवाद सहायक म्हणून माहिती पोहोचवण्याचे काम केले. तेथे आरपार दगड आणि सलग पट्टा हे सुरक्षिततेचे नियम ठाम होते, मात्र घर कसे असावे हा निर्णय राहणाऱ्याचा होता. कोणती रेषा अढळ आणि कोणती वाकवता येण्याजोगी, याचा विवेक त्या व्यवस्थेत होता.

हे जाल काटकोनीच असले पाहिजे असेही नाही. लातूरकरांना हे सांगावे लागू नये. शहराच्या मध्यभागी असलेली गंजगोलाई फैयाजुद्दीन या नगररचनाकाराच्या आराखड्यानुसार बांधली गेली. १९१७ साली उभ्या राहिलेल्या त्या दुमजली वर्तुळाच्या मध्यावर अंबाबाईचे मंदिर असून तिला सोळा रस्ते येऊन मिळतात आणि त्या रस्त्यांवर सोने, चपला, मिरची, गूळ यांचे बाजार भरत आले आहेत. तिचीही रचना पूर्णपणे आखीव आहे. परंतु तिची रेषा बाजाराच्या चालीतून आलेली आहे. माल चहूकडून यावा आणि गिऱ्हाइकाला दुकानांच्या रांगांत हरवल्यासारखे वाटू नये, या गरजेचा तो आकार आहे. भूकंपग्रस्त बाणेगावात लॉरी बेकर यांनी घरांचे पुंजके सामाईक मोकळ्या जागेभोवती बसवले, त्यामागेही असाच विचार होता.

६

येथे एक आक्षेप लक्षात घेणे आवश्यक आहे. पान आणि गाव यांची ही तुलना किती ताणावी? अक्षराला वेदना होत नाहीत. रकान्यात कोंबलेल्या परिच्छेदाचे भाऊबंद दुरावत नाहीत. आक्षेप योग्य आहे आणि तुलनेची मर्यादा मान्य केली पाहिजे. मात्र पानाच्या मागे वाचणारा असतो. बारीक केलेल्या अक्षरांतील शासकीय सूचना ज्या शेतकऱ्याला वाचता येत नाही, उर्दूचा रकाना शेवटी उरलेल्या जागेत बसवल्यामुळे ज्याला आपण पाहुण्यासारखे आहोत असे वाटते, त्यांना होणारे नुकसान लहान असले तरी खरे आहे, आणि ते रोज होत राहते. गावाच्या उदाहरणाने पानाच्या प्रश्नाचे गांभीर्य वाढत नाही. त्या प्रश्नाचा आकार मात्र स्पष्ट दिसू लागतो.

दुसरा आक्षेप शिक्षणाच्या बाजूने येईल. नवशिक्याला जाल बदलण्याचा अधिकार दिला तर तो शिकणार काय? आधी आज्ञापालन आणि मग स्वातंत्र्य, हीच सर्व विद्यांची रीत नव्हे काय? वृत्त आळवल्यावाचून मुक्तछंदाची जबाबदारी कळत नाही, हे खरेच आहे. पण आज्ञापालनाचे दोन प्रकार संभवतात. ज्याने १९८०-९०च्या दशकांत नाव मिळवले, त्या ‘लातूर पॅटर्न’च्या निमित्ताने या भेदाचा विचार करता येईल. नेटके वेळापत्रक, सराव परीक्षांची साखळी आणि चुकांची पुनःपुन्हा तपासणी या शिस्तीने खेड्यापाड्यांतील, पहिल्याच पिढीत शिकणाऱ्या मुलांना वैद्यकीय आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांची दारे उघडून दिली. पुण्या-मुंबईच्या मुलांना जे घरातून मिळते, ते या आखीव दिवसाने त्यांना दिले. रेषाजालाच्या समताकारी सामर्थ्याचे याहून चांगले उदाहरण मराठवाड्यात सापडणे कठीण. त्याच वेळी हेही खरे की, शिस्तीचे कारण विसरून तिचा साचा तेवढा विकत घेतला जातो, तेव्हा विद्यार्थी उत्तरपत्रिकेवरील वर्तुळे भरण्यात तरबेज होतो आणि प्रश्न कोणी ठरवला, हे विचारण्याची सवय त्याला लागत नाही.

रेषाजाल शिकवणाऱ्याने या दोन आज्ञापालनांतील अंतर जपले पाहिजे. विद्यार्थ्याला बारा रकाने आखायला सांगावेत. पण त्याआधी मजकूर वाचायला लावावा, आणि नंतर बाराच का, हे त्याच्याकडून लिहून घ्यावे. त्याने एखादी रेषा मोडली तर गुण कापण्यापूर्वी कारण ऐकावे. न मोडता सगळे नीट बसवले तरीही कारण ऐकावे. मोकळे सोडलेले घर हा त्याचा आळस समजू नये. वाचणाऱ्याला स्वतःचे काही तेथे ठेवता यावे म्हणून ते सोडले असणे शक्य आहे. म्यूलर-ब्रोकमान यांना अभिप्रेत असलेली वस्तुनिष्ठता आणि चिहोल्ड यांना उशिरा उमगलेली भीती, या दोहोंना एकत्र नांदता येईल अशी जागा बहुधा या कारण देण्या-घेण्यातच आहे.

किल्लारी परिसरातील नव्या गावांत आज फिरणाऱ्याला मूळ आराखडा शोधावा लागतो. रुंद रस्त्यांच्या कडांनी ओटे पुढे आले आहेत, दोन घरांमधल्या पट्टीत गोठे उभे राहिले आहेत, कोपऱ्यावरच्या मोकळ्या तुकड्यात कोणीतरी लिंब लावला आहे आणि त्याच्या सावलीला पार बांधला आहे. नियोजनाच्या भाषेत याला अतिक्रमण म्हणतात. पोथीच्या समासात पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाचकांनी केलेल्या दुरुस्त्या आणि टिपा ज्याने पाहिल्या आहेत, त्याला मात्र हे लेखन ओळखीचे वाटेल. समास मुळात सोडलेला होता म्हणूनच त्या टिपा लिहिता आल्या, हेही त्याला त्याच वेळी आठवेल.